मंत्रिमहोदय, प्रज्ञा मोजायची फूटपट्टी कधीची आहे?

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

1963 साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 पासून 'पुढील आदेशापर्यंत' थांबली आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात मात्र प्रज्ञावान मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्याचे वचन आहे. म्हणजे वचन कागदावर आणि परीक्षा कपाटात.

आता नवी चाचणी आणाल, तर ती निदान तपासून आणा. प्रश्नसंच छापला की चाचणी झाली, हा समज आमच्या मानसमापनाच्या, म्हणजे बुद्धी आणि क्षमता मोजण्याच्या, क्षेत्राला फार महागात पडला आहे. संशोधक कामतांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिचाचणीचे मराठी-कानडी रूप केले ते 1934 मध्ये. मलिन यांची नागपूरची, मुलांची बुद्धी मोजणारी मापनी 1969 ची. दोन्ही त्या काळातली मोठी कामे, पण मानके, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते सरासरीचे आकडे, शिळी होतात. अनेक देशांत बुद्धिचाचणीची सरासरी दर दशकाला साधारण 3 गुणांनी चढत गेली. आपल्याकडेही तसेच घडले असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या मानकांवर सामान्य मूलही 100 ऐवजी 115 दाखवेल. पालक पेढे वाटतील, आपण फोटो काढाल.

दुसरी गोष्ट कटऑफची. विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यास गुण किती सारखे येतात ते; 1 म्हणजे अगदी अचूक) 0.90 असलेल्या चांगल्या चाचणीतही 15 च्या प्रमाण विचलनावर (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मुलाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, सुमारे 4.7 गुण येते. म्हणजे 126 आणि 130 यांत फरक आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी यादी 130 वर कापायची आणि 129 वाल्याला घरी पाठवायचे! त्रुटीचा पट्टा निकालपत्रावर छापा, आणि पट्ट्यात अडकलेल्यांना दुसरी, वेगळ्या धाटणीची चाचणी द्या.

आता हिशेब बघा. हजार मुलांत वरची दोन टक्के म्हणजे 20. चाचणीने त्यातली 80 टक्के पकडली, तर 16. उरलेल्या 980 पैकी पाचच टक्के चुकून वर आली तरी ती 49. निवडलेल्या 65 मध्ये खरी 16! एकाच चाळणीवर योजना उभी करणाऱ्याला ही गोष्ट कुणी तरी सांगायला हवी. आणि पहिली चाळणी शिक्षकांच्या शिफारशीची ठेवलीत, तर प्रश्न विचारून वात आणणारे मूल चाचणीपर्यंत पोचणारच नाही.

भाषांतराचेही तेच. गोंडी बोलणाऱ्या मुलाला लिफ्टवरचा प्रश्न विचारून त्याची बुद्धी कळत नाही, लिफ्ट पाहिली की नाही एवढेच कळते. एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांची प्रत्येक प्रश्नावर तुलना करा. जिथे एकच गट सतत अडखळतो तो प्रश्न काढा. आकृतीमालिका तर क्लासवाल्यांनी पाठ करून घेतल्या आहेत. तिथे मोजला जातो तो सराव, आणि सराव फीवर मिळतो.

चाचणी जे मोजायचे तेच मोजते का, ही तिची सप्रमाणता ठरते ती पुढच्या काही वर्षांत. दहाव्या वर्षी मोजलेली मुले पंधराव्या वर्षी काय करतात, ते पाहावे लागते. तेही नुसत्या निवडलेल्यांचे नव्हे, नाकारलेल्यांचेही, नाहीतर चाचणीचे गुण आणि पुढची कामगिरी यांतला सहसंबंध खोटाच कमी दिसतो. याला पाच वर्षे लागतात. निवडणुकाही पाच वर्षांनीच येतात, त्यामुळे पहिल्या तुकडीचा निकाल दुसऱ्याच मंत्र्याच्या टेबलावर पडेल. हीच खरी अडचण असावी. गुणवत्ता यादीचे फलक लावायला पैसा आहे, पण जिल्हा, माध्यम, मुलगा-मुलगी, शहर-खेडे असा नमुना घेऊन मानके काढायला नाही.

पुढच्या बैठकीत कुणी चाचणी पुढे ठेवली, तर आधी तिची माहितीपुस्तिका मागा आणि मानकांचे वर्ष वाचा.

कळावे,
मानसमापनाच्या कामातला एक नागरिक