आजीची बातमी आणि गाळलेलं चिमूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकातली 'शतायुषी आजींचे निधन' ही बातमी माझ्या आजीची. छापलीत, त्याबद्दल आभार. पण ज्वारीची भाकर, कडुनिंबाची काडी आणि पहाटे उठणं यांत अर्धा रकाना गेला आणि चिमूरच्या वाट्याला एक ओळ आली: '1942 चा लढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला.' पाहायला ती काय माडीवर उभी होती?

16 ऑगस्टला, ऐन नागपंचमीला, चिमूर पेटलं. मागोमाग फौज आली. घरातले पुरुष रानात पळाले आणि आजी आपल्या लेकराला, म्हणजे माझ्या मोठ्या वडिलांना, पोटाशी धरून धानाच्या बांधीत, चिखलात पालथी पडून राहिली. "सोजीर आलते. पोराच्या तोंडावर हात दाबून धरला मी," एवढं सांगून ती गप्प व्हायची. पुढे नागपंचमीच्या झोक्यावर ती कधी बसली नाही. तिथल्या बायांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी साठहून अधिक दिवस उपाशी राहिले, तेव्हा कुठे चिमूरची बातमी छापायची बंदी उठली. आज तुमच्यावर कुणाची बंदी आहे? तुमच्या प्रतिनिधीने दिवाळीत आमच्या ओसरीवर बसून हे सगळं मोबाईलमध्ये भरून नेलं होतं.

1960 ला 'महाराष्ट्र पाहिला' असंही लिहिलंत. मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. सरकारं बदलली, ती त्याच बांध्यांत रोवणं करत राहिली. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, 1951 ला गेली, ते मात्र तिला पक्कं आठवायचं, कारण मालगुजाराच्या वाड्यावरची बेगार तेव्हा सुटली.

वय तुम्ही 103 छापलं, ते बरोबर. आधार कार्डावर मात्र 1 जानेवारी 1935 आहे. म्हणजे सात वर्षांची पोर लेकरू घेऊन बांधीत लपली! शेवटी शेवटी मशीनवर तिचा अंगठाही उमटेना. जन्मभर निंदण करून रेषा झिजलेल्या. त्यापायी श्रावणबाळ योजनेचे पैसे अडले. ती समोर बसलेली असताना हयातीचा दाखला मागितला गेला. हेही प्रतिनिधीला सांगितलं होतं, हेही गाळलं.

उरलेली हकिकत छापावी, निदान ते ध्वनिमुद्रण आम्हाला द्यावं. आणि आजी-आजोबांचा एकुलता एक जुना फोटो चौकटीसकट नेलेला आहे. तेरवीच्या आत तो घरी पोचता करावा.

– एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर