स्टॉकहोमहून, बोटीत बसायच्या आदल्या रात्री

ती. आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी हॉटेलच्या खिडकीशी दिवा न लावता लिहितेय. जूनमध्ये इथे काळोख असा पडतच नाही. दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा उजेड रेंगाळत राहतो. तुमचे जावई आणि चिनू कधीच झोपलेत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई "जेवलात का, स्वेटर घातलास का" यापुढे जात नाही आणि बाबा दोन मिनिटांत फोन आईकडे देतात. म्हणून पत्र. बाबा, नेहमीसारखं मोठ्याने वाचा. आई ओट्याशी असेल तर आधी तिला बाहेर बोलवा.

जानेवारीत बुकिंग करताना मी पाच जणांचं विचारलं होतं. आई, तू म्हणालीस, "माझ्या गुडघ्यांपायी तुमची सुट्टी कशाला वाया घालवता?" आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "आमचं काय, आम्ही फोटो बघू." मी फार ओढून धरलं नाही. धरायला हवं होतं, हे आज सकाळी बसमध्ये बसल्यापासून मनात आहे. म्हणून आज दिवसभर शहर बघता बघता मी तुमच्या पायांनी चालून बघत होते. पायऱ्या मोजल्या, बसायला बाक कुठे कुठे आहेत ते पाहिलं, बाथरूम किती अंतरावर आहे तेही पाहून ठेवलं. खरं काय ते लिहिते, गोड करून नाही.

सकाळी नऊला बस निघाली. आमची गाइड आईच्याच वयाची असेल. पांढरे केस, पायात जाड तळाचे बूट, हातात लाल छत्री, म्हणजे गर्दीत ती लांबूनही दिसावी. शहर 14 बेटांवर वसलंय हे तिने पहिल्याच पुलावर सांगितलं. एका बाजूला मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र आणि मधे हे शहर. सारखा कुठला तरी पूल येतो आणि सारखं खाली पाणी दिसतं.

पहिला मुक्काम सिटी हॉल, म्हणजे इथली महापालिका. 1923 मध्ये बांधून झाली, सुमारे 80 लाख विटांची आहे आणि आत जायचं तर गाइडसोबतच. नोबेल पुरस्काराची मेजवानी दर वर्षी 10 डिसेंबरला इथल्या ‘निळ्या दालनात’ होते. दालन मात्र लाल विटांचं आहे! आर्किटेक्टला ते निळं करायचं होतं, पण उघड्या विटाच इतक्या आवडल्या की त्याने रंग दिलाच नाही. नाव मात्र तोवर पडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या दालनात एक रुंद दगडी जिना उतरतो. पायऱ्या बुटक्या आणि पसरट. असं सांगतात की लांब झगा घातलेल्या बाईला खाली न बघता उतरता यावं म्हणून आर्किटेक्टने आपल्या बायकोला त्या पायऱ्यांवरून वर-खाली चालायला लावलं आणि मग उंची ठरवली. आई, मी मुद्दाम दोनदा चढले-उतरले. आपल्या सोसायटीच्या जिन्याच्या मानाने काहीच नाही. कठड्याला हात लावून तू आरामात चढशील.

वर सोन्याचं दालन आहे. 1 कोटी 80 लाखांहून जास्त तुकड्यांचं मोझेक, काचेत सोन्याचा वर्ख घातलेला. सगळे फोटो काढत होते. मला मात्र तुझ्या शाळेचा विज्ञान दिन आठवत होता. 28 फेब्रुवारीला तू रामन यांचा तक्ता करून घ्यायचीस आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ‘नोबेल, 1930’ हे नेहमी मलाच लिहायला द्यायचीस. ते 1930 म्हणजे हेच गाव. रामन स्वतः इथे आले होते पुरस्कार घ्यायला. टागोरांना 1913 मध्ये मिळालं तेव्हा ते येऊ शकले नव्हते, त्यांची तार इथे वाचून दाखवली होती. तुझ्या तक्त्यावरचं गाव पायाखाली आहे, हे तुला तिथल्या तिथे सांगावंसं वाटलं. पण आत शांतता होती आणि चिनू माझ्या हाताला लोंबकळत होता.

मग जुनं गाव, गामला स्तान. हे नीट ऐका, कारण इथे मी चिडले. ज्यांच्याकडून ही सहल घेतली त्यांच्या पत्रकात ‘थोडं चालणं’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात सव्वा तास चालणं झालं आणि तेही गोल गुळगुळीत दगडांवर, चढ-उतारावर. आमच्यात एक आजोबा होते काठीवाले, त्यांची बायको दर पन्नास पावलांवर थांबून मागे बघायची. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो ओशाळलेपणा, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत असा, तो मला बघवला नाही. बाबा, तुमच्या चेहऱ्यावर तो मला कधीही बघायचा नाही. आमची गाइड मात्र भली. ती प्रत्येक वेळी थांबली, आणि थांबली की तिथलीच एखादी गोष्ट सांगायची, म्हणजे आजोबांना वाटावं की थांबायचं ठरलेलंच होतं. तरी हा भाग तुमच्यासाठी नाही. 90 सेंटिमीटर रुंदीची एक गल्ली आहे, पायऱ्यापायऱ्यांची, लोक हौसेने तीतून जातात. ती तुम्ही सोडून द्यायची. राजवाड्याचं बाहेरून दर्शन पुरे, आणि मुख्य चौकात टॅक्सीने अगदी जवळपर्यंत जाता येतं, हे मी विचारून ठेवलंय.

त्या चौकात 1520 मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्वीडनच्या ऐंशीहून अधिक सरदार-धर्मगुरूंची मुंडकी उडवली होती. आज तिथे मुलं आइस्क्रीम खात होती. चौकातच नोबेल म्युझियम आहे. त्याच्या उपाहारगृहात खुर्च्यांच्या खालच्या बाजूला नोबेल मिळालेल्यांच्या सह्या असतात. तुमच्या जावयांनी खुर्ची उलटी केली, चिनूने खाली वाकून बघितलं. सही होती, पण आमच्यापैकी कुणालाच ती लागली नाही.

खाण्याचं सांगते, कारण आई तेच विचारणार. इथे कॉफीच्या वेळेला ‘फिका’ म्हणतात आणि फिका म्हटलं की सोबत गोड पाव आलाच. मी घेतला त्याचं नाव कार्देमुम्माबुल्ले. गाठ मारल्यासारखा वळलेला, वर भरड कुटलेले वेलदोडे आणि साखर. पहिल्या घासाला वेलदोड्याचा दाणा दाताखाली आला आणि मी थांबलेच. गुढीपाडव्याला तू खलबत्त्यात वेलदोडे कुटतेस, सालं बाजूला काढून चहाच्या डब्यात टाकतेस, तो वास. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून श्रीखंडाचं भांडं चाटायची वाट बघतेय असं वाटलं. इतक्या लांब, इतक्या थंड देशात, अनोळखी बाईने तो माझ्या हातात ठेवला. माझे डोळे भरून आले, खरंच. पावात अंडं असू शकतं, ते विचारून घ्यावं लागेल. बाकी भाजी, बटाटे, भात मिळतो. नळाचं पाणी थेट प्यायचं. पैसे सगळे कार्डाने, नाणी-नोटा बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत.

बाबा, आता चष्मा पुसून घ्या. हा भाग तुमचा आहे.

दुपारी वासा बघितली. वासा म्हणजे 1628 साली बांधलेलं लढाऊ जहाज, 69 मीटर लांब, आणि ते अख्खंच्या अख्खं एका इमारतीत उभं आहे. दारातून आत गेलं की अंधारल्यासारखं वाटतं, गार वाटतं, आणि मग डोळे सरावले की समोर काळपट ओकची ती भिंत वर वर जात राहते. माझ्या तोंडून शब्द निघेना. मला तुमच्या गोदीतला तो दिवस आठवला, मी सात वर्षांची असताना तुम्ही मला जहाज पाण्यात सोडताना बघायला नेलंत तो. नारळ फोडला, भोंगे वाजले, आणि मी विचारलं की एवढं लोखंड बुडत का नाही. घरी आल्यावर तुम्ही बादलीत स्टीलचा लोटा सोडलात. रिकामा लोटा आडवा झाला. मग तुम्ही तळाशी अंगणातले खडे टाकलेत, तो सरळ उभा राहिला. मग खडे काढून लोट्याच्या काठावर वाटी ठेवलीत आणि लोटा कलंडून बुडाला. "वजन खाली हवं," एवढंच म्हणालात.

वासाचं नेमकं तेच झालं. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ तिकडे लढाईवर, त्याला जहाज लवकर हवं होतं. तोफांचे दोन मजले, 64 तोफा, वर कोरीवकामाचा डोलारा आणि बूड अरुंद. तळाशी दगड भरले होते सुमारे 120 टन, पण ते पुरेसे नव्हते आणि आणखी भरायला जागाही नव्हती. ज्या डच कारागिराने जहाज आखलं तो आदल्या वर्षीच वारला होता. धक्क्याला असताना चाचणी घेतली, 30 माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. जहाज इतकं डुलायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर थांबवलं, नाहीतर तिथेच उलटलं असतं. म्हणजे कळलं होतं, बाबा! त्यांना कळलं होतं. तरी 10 ऑगस्टला निघाले. वारा असा नव्हताच. एका झुळकीने कललं, सावरलं, दुसऱ्या झुळकीने तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं. जेमतेम 1300 मीटर गेलं होतं. किनाऱ्यावर गावचे लोक बघत उभे. जहाजावर खलाशांची बायकामुलंही होती, कारण पहिला टप्पा बेटांमधून होता आणि तिथवर घरच्यांना सोबत यायची मुभा होती. सुमारे 30 जण गेले. चौकशी झाली आणि दोष कुणावरच आला नाही.

तुमचा जीव जिथे अडकेल ती जागा मला ठाऊक आहे. एका काचेच्या पेटीत मोजपट्ट्या आहेत, जहाजात सापडलेल्या. काही स्वीडिश फुटाच्या, 12 इंची. काही अॅमस्टरडॅम फुटाच्या, 11 इंची. एकाच जहाजावर काम करणारे सुतार वेगवेगळ्या मापांनी मोजत होते, आणि जहाजाची एक बाजू दुसऱ्या बाजूसारखी नाही. तुमच्या शर्टाच्या खिशातली ती स्टीलची पट्टी, जिला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, तिचं कारण मला आज कळलं. मी त्या पेटीपुढे इतका वेळ उभी होते की चिनूने विचारलं, "आई, रडतेस का?"

जहाज 333 वर्षं 32 मीटर खोल चिखलात होतं. टिकलं, कारण बाल्टिकच्या पाण्यात मीठ कमी आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. आपल्या वेंगुर्ल्याच्या पाण्यात काय उरलं असतं! पाणबुड्यांनी खालून सहा बोगदे खणले, त्यांतून तारदोर ओवले आणि 24 एप्रिल 1961 ला वर काढलं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून पुढे 17 वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले. आज जे उभं आहे त्यातलं 98 टक्के मूळचं आहे. गंजणारे हजारो लोखंडी बोल्ट काढून त्यांनी खास पोलादाचे घातलेत. बोल्टांचा फोटो मी जवळून काढलाय, तुमच्यासाठी. आणि हो, लिफ्ट आहे, प्रत्येक मजल्यावर बसायला जागा आहे, चाकाची खुर्चीही मिळते. अख्खी दुपार इथे काढा. बाकीचं शहर राहिलं तरी चालेल.

शेवटी फ्येलगातान नावाच्या उंच रस्त्यावर बस थांबली. सगळं शहर तिथून दिसतं आणि बसमधून उतरलं की कठडा समोरच, चालायला नको. अगदी खाली धक्क्याला बोटी लागलेल्या. उद्या संध्याकाळी आम्ही अशाच एकीत बसून फिनलंडमधल्या हेलसिंकीला आणि तिथून एस्टोनियातल्या टॅलिनला जाणार. शहर सोडल्यावर कितीतरी तास बेटांमधून जातात म्हणे, लहान-मोठी मिळून 30,000 च्या आसपास बेटं आणि खडक आहेत. बोटीवर तर तुम्हाला चालायचंच नाही. खिडकीशी बसायचं, बेटं बघायची, बाबांनी आठची गोळी घ्यायची.

आता मी ठरवलंय ते सांगते. पुढच्या जूनमध्ये तुम्ही येताय. टोळक्यासोबत नाही. गाइड फक्त आपल्यासाठी, गाडी दारापर्यंत. सकाळी सिटी हॉल, मग जेवण, मग वासा, मग वरून शहर. दिवसाला दोनच मोठ्या गोष्टी. मी गाइडबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की त्यांची स्वतःची आई 91 वर्षांची आहे, अशा दिवसाची आखणी त्यांना पाठ आहे. बाबा, पासपोर्टची मुदत बघून ठेवा, कपाटात वरच्या खणात निळ्या फाइलमध्ये आहे. खर्चाचं बोलायचं नाही.

आई, तुझ्यासाठी एक काम आहे. राजवाड्याजवळ, फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात एक लोखंडी मुलगा आहे. फक्त 15 सेंटिमीटर उंच, गुडघे पोटाशी धरून आकाशाकडे बघत बसलेला. येणारे-जाणारे त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, तिथे तो चकचकीत झालाय. थंडी पडली की गावातलं कुणीतरी त्याच्यासाठी टोपी विणतं, मफलर विणतं आणि गुपचूप घालून जातं. आज तो उघडाच होता. मी बोटाने डोक्याचं माप घेतलं, लहानशा लिंबाएवढं आहे. चिनूच्या बाळटोपीची ती पिवळी लोकर उरली असेल तर त्यातूनच विण. कानांवर येईल अशी, आणि खाली बांधायला नाडी ठेव, इथे वारा फार आहे.

तब्येतीला जपा. टॅलिनहून फोन करते.

तुमची,
बबी