वेंगुर्ल्याच्या ताईंना, चिपळूणच्या सर्व्हरबद्दल

ताई, सा. न. वि. वि.

तुमचं नाव छापायचं नाही या अटीवरच तुम्ही या पत्राला होकार दिलात, तेव्हा 'वेंगुर्ल्याच्या ताई' एवढ्यावर भागवतो. आभार फोनवर मानले होते, पण मध्येच रेंज गेली आणि तुम्हाला त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. शिवाय पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचे सर्व्हर लांबून सांभाळणारी माझ्यासारखी बरीच मंडळी किनाऱ्यावर आहेत. त्या रात्री तुम्ही जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. मी राहतो गुहागरला, आणि ज्या पतसंस्थेचं काम बघतो तिचा सर्व्हर चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तो वरच्या मजल्यावर नेला. पुराची भीती गेली, विजेची राहिली. यंदाच्या पावसात एका संध्याकाळी लाइट गेली ती गेलीच. यूपीएसनं दम टाकला. लाइट परत आली तेव्हा रात्र झाली होती, रस्त्यावर झाड आडवं पडलेलं, आणि सर्व्हर काही उठेना.

त्याच्या बोर्डवरचा बीएमसी मात्र जिवंत होता. मुख्य मशीन बंद असलं तरी नुसत्या स्टँडबाय विजेवर चालणारा हा छोटा वेगळा संगणक. मी ऑफिसातल्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी सुरक्षित वाटेनं, शिरलो आणि तिथून त्याला विचारलं, तर उत्तर आलं: मशीन चालू आहे. चालू आहे पण करतंय काय, हे बघायची सोय नाही, कारण त्याची स्क्रीन दाखवणारी खिडकी जुन्या जावावर चालणारी आणि आजचे ब्राउझर तिला उभं करत नाहीत. विक्रेत्याच्या मदतकेंद्रानं सांगितलं, "साइटवर माणूस पाठवा." माणूस पाठवता आला असता तर त्यांना फोन कशाला केला असता?

मग मेव्हण्याच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. अवेळी अनोळखी फोन, तरी तुमचा पहिला प्रश्न कोण, कुठले, किती देणार हा नव्हता. "काय दिसता ता सांगा. कायच नाय, की येवन थांबता?"

हा प्रश्न तेव्हा मला साधा वाटला. पुढचा सगळा उलगडा त्याच्यातूनच झाला. स्क्रीनची खिडकी नसली तरी एक वाट उरते, सीरियल ओव्हर लॅन, थोडक्यात सोल: सर्व्हरच्या सीरियल पोर्टवर जाणारी अक्षरं बीएमसी नेटवर्कवरून आपल्याकडे आणून देतो, एवढंच. पण त्या पोर्टवर लिहिणारे एकामागून एक बदलत जातात: आधी बायोस (बोर्डवरचा, मशीन जागं करणारा प्रोग्राम), मग बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम उचलून आणणारा), मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), शेवटी लॉगिन. प्रत्येकाला वेगळं सांगून ठेवावं लागतं की बाबा, तू इकडेही लिही. त्यामुळे अक्षरं कुठे तुटली हे कळलं की कोणाला सांगायचं राहिलंय ते कळतं. मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण 'कन्सोल, म्हणजे मशीनचा अक्षरी पडदा, दिसत नाही' ही एकच तक्रार आहे असं धरून चाललो होतो. ती चार निरनिराळी दुखणी आहेत.

सुरुवातीला तर जोडणीच होईना, सत्र दुसरीकडे चालू आहे म्हणे. तुम्ही सांगितलंत, लाइट गेली तेव्हा कुठलं तरी जुनं सत्र अर्धवट राहिलं असेल, सोल डीॲक्टिव्हेट करा. केलं. जोडणी झाली, पडदा कोरा. मी हताश, तुम्ही निवांत. थांबलेलं मशीन काही लिहीतच नसेल तर दिसणार काय? ही खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून रीसेट द्या.

रीसेट दिला आणि कचरा आला. प्रश्नचिन्हं, चौकोन, कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं. मी म्हणालो, बोर्ड गेला. तुम्ही म्हणालात, "कचरो दिसता म्हंजे बरा आसा. लिवणारो जिवंत आसा, येग जुळत नाय."

बीएमसीकडून सोलची माहिती काढली: अक्षरं धाडायचा वेग सेकंदाला १९२०० बिट. मशीन बसवणाऱ्यानं कधीकाळी बायोस आणि बीएमसी दोन्हीकडे तोच ठेवला होता आणि तेव्हा ते चाललंही. बीएमसीचा वेग ११५२०० केला, पुन्हा रीसेट, आणि स्वच्छ इंग्रजी अक्षरं आली. माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. तुमच्या दृष्टीनं नाही. काल जुळत होतं ते आज का जुळेना, हे तुम्हाला हवं होतं. बायोसचा वेग आपोआप सहापट झाला कसा? आणि उत्तरही तुम्हीच दिलंत: बोर्डवरचा सेल संपलाय. आमचा बोर्ड जुना, बायोसची मांडणी सेलच्या जोरावर टिकणारी. एरवी प्लगमधली स्टँडबाय वीज तिला सांभाळते, म्हणून मेलेला सेल महिनोन्महिने कळत नाही. वीज पूर्ण गेली, यूपीएसही गेला, बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मांडणीवर म्हणजे ११५२०० वर आला. बीएमसीची मांडणी त्याच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या स्मृतीत, ती १९२०० वरच राहिली.

सेन्सरच्या यादीत 'व्हीबॅट' बघायला सांगितलंत. तीन व्होल्टचा सेल, आकडा अडीचच्याही खाली. चिपळूणमधल्या एका नाणेभर सेलची तब्येत वेंगुर्ल्यात बसून तुम्ही नुसत्या कचरा अक्षरांवरून ओळखलीत. मला अजून त्याचं नवल वाटतं.

पडद्यावर बायोस थांबलेला: तारीख वेळ चुकीची, पुढे जायला एफ१, सेटअपला एफ२. मी एफ१ दाबणार तेवढ्यात तुम्ही अडवलंत. पतसंस्थेचं मशीन, तारीख चुकीची घेऊन उठलं तर व्याजाच्या नोंदी कुठल्या वर्षात पडतील? आधी घड्याळ. पण एफ२ दाबून काही होईना, कारण टर्मिनल त्या कळीसाठी जे पाठवतं ते बायोसला कळत नाही. एस्केप दाबून मग २ दाबा, म्हणालात. सेटअप उघडला.

तारीख लावून पुढे गेलो. बूटलोडरची यादी आली, नशिबानं साध्या अक्षरांची, चित्ररूप असती तर तीही दिसली नसती. त्यापुढे पुन्हा काळोख. इथे मात्र कोणाला सांगायचं राहिलंय हे मी स्वतः ओळखलं: कर्नलला. यादीवर 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत कन्सोल दोनदा लिहायचा, आधी टीटीवाय-शून्य (मशीनचा स्वतःचा पडदा), मग ११५२०० वेगासह टीटीवायएस-एक (सीरियल पोर्ट). पोर्टांची मोजणी शून्यापासून आणि आमच्या बीएमसीचा पोर्ट दुसरा, म्हणून एक. क्रम का महत्त्वाचा, हे तुम्ही सांगितलंत. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण शेवटी लिहिलेला कन्सोलच मुख्य ठरतो, आणि उत्तर मागणारे प्रश्न तिकडेच येतात.

आणि प्रश्नच तर अडला होता! वीज अचानक गेल्यानं डिस्कची फाइलसिस्टीम (फाइलींची मांडणी) बिघडलेली, मशीन दुरुस्तीसाठी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागत बसलेलं. मी म्हणालो, सांगतो पासवर्ड, तुम्हीच बघा ना आत येऊन. "पासवर्ड माका सांगू नका. माकाच काय, कोणाकच नको." एवढ्या तंगीतही हे तुम्ही सोडलं नाहीत. फाइलसिस्टीम तपासायच्या आधी आदल्या दिवशीचा बॅकअप दुसऱ्या जागी आहे ना, याची खात्री करायला लावलीत. मग दुरुस्ती झाली, मशीन उठलं, सकाळी काउंटर वेळेवर उघडला. रांगेतल्या कोणालाच काही कळलं नाही, आणि तेच बरं.

तुम्ही बजावलेलं एक इथे लिहून ठेवतो. आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी लांबून बोलायचं प्रमाण, वापरणारा बीएमसी उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, ६२३ क्रमांकाचा पोर्ट बाहेर दाखवू नका. २००४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत सीरियल ओव्हर लॅन आलं, पण तिच्या लॉगिनच्या रीतीतच खोट आहे: नुसतं वापरकर्त्याचं नाव माहीत असलेल्यालाही बीएमसी पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेली सांकेतिक अक्षरं) देऊन टाकतो, मग तो घरी बसून फोडत बसायला मोकळा. प्रमाणातच चूक, त्यामुळे नवा फर्मवेअर टाकूनही जात नाही. व्हीपीएनचा आडोसा हाच उपाय.

रस्ता मोकळा झाल्यावर सेल बदलला. सीआर२०३२, चहा-वड्याच्या किमतीचा. बूटलोडर आणि कर्नलची मांडणी कायमची केली, आणि तुमच्या सांगण्यावरून रास्पबेरी पाय आता कन्सोलवर येणारं प्रत्येक अक्षर फाइलीत साठवतो. पैसे तुम्ही घेतले नाहीत. मॅनेजर म्हणाले काजू पाठवू, पण वेंगुर्ल्याला काजू पाठवले तर आमचंच हसं व्हायचं. तुम्ही मागितलंत ते फक्त एवढंच की सगळे वेग, पोर्ट आणि कळा कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवायच्या. चिकटवल्यात. सोलमधून बाहेर पडायला टिल्डे (~) आणि टिंब, पण रास्पबेरी पायवर एसएसएचनं (लांबून लॉगिन करायची सोय) गेला असाल तर टिल्डे दोनदा, नाहीतर एसएसएचच तुटेल, ही ओळ लाल शाईनं लिहिली आहे. पासवर्ड लिहिलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गुहागरचा एक सर्व्हरवाला