टपाल कचेरीतली भिंत आणि गावाचा कौल

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. बाजारपेठेतली भिंत रंगवून घेण्यासाठी नगरपालिकेने जी समिती नेमली आहे, तिच्यात तुझे नाव आहे हे वाचून फार आनंद झाला. सरकारने पैसे देऊन, विषय सुचवून आणि पायरीपायरीला मंजुरी घ्यायला लावून काढून घेतलेल्या चित्रात चित्रकाराचे असे काही उरते का, असे तू विचारले आहेस. इकडे अमेरिकेत राहायला आल्यापासून लहान गावांच्या टपाल कचेऱ्यांतली भित्तिचित्रे पाहण्याची मला ओढ लागली आहे आणि तुझा प्रश्न त्यांच्या कुळकथेशी थेट भिडणारा आहे, म्हणून ती कथाच तुला सविस्तर लिहितो. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो. चित्रकाराचे काय उरले हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्या भिंतीसमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसांपैकी कोणाच्या तक्रारीला वजन मिळाले आणि कोणाच्या नाही, यावर त्या चित्रांचे भलेबुरे ठरले.

1933 साली महामंदी इतकी खोल गेली होती की अमेरिकेतल्या कामकरी लोकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपला शाळेतला जुना स्नेही फ्रँकलिन रूझवेल्ट याला पत्र लिहिले. रूझवेल्ट तेव्हा नुकताच राष्ट्राध्यक्ष झाला होता. मेक्सिकोत अध्यक्ष ओब्रेगोन यांनी तरुण चित्रकारांना नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराइतकी मजुरी देऊन सरकारी इमारतींच्या भिंती त्यांच्या हाती सोपवल्या होत्या, त्याचा दाखला बिडलने त्या पत्रात दिला होता. डिसेंबरात एक तात्पुरती योजना सुरू झाली आणि तिच्यातून सुमारे 3,700 चित्रकार-शिल्पकारांना हिवाळाभर काम मिळाले. ती संपल्यावर ऑक्टोबर 1934 मध्ये अर्थखात्यात चित्र व शिल्प यांचा एक स्वतंत्र विभाग उघडला गेला. वकिली आणि व्यापार केलेला, पण मनाने चित्रकार असलेला एडवर्ड ब्रूस त्याचा प्रमुख होता. चित्रांचा विभाग अर्थखात्यात कसा, असे तुला वाटेल. सरकारी इमारती बांधण्याचे काम त्या वेळी याच खात्याकडे होते, एवढेच त्याचे कारण आहे. इमारतीच्या खर्चातला सुमारे एक टक्का सजावटीसाठी बाजूला ठेवायचा, असा रिवाज ठरला.

आजही पुष्कळ लोक या चित्रांना बेकारांसाठीच्या रोजगार योजनेतली चित्रे समजतात. तशी योजनाही होती, पण ती वेगळी होती आणि तिच्यात गरज पाहून पगार दिला जाई. ब्रूसच्या विभागाची अट गुणवत्तेची होती. स्पर्धा जाहीर होत असे, रेखाटनावर नाव लिहायला मनाई असे, नाव बंद पाकिटात द्यावे लागे आणि निवड झाल्यावरच ते पाकीट उघडले जाई. स्पर्धेत मागे राहिलेल्या पण चांगले काम केलेल्या चित्रकाराला एखाद्या लहान गावची कचेरी देण्यात येई. अशा रीतीने 1943 पर्यंत तेराशेहून अधिक गावांत आणि शहरांत चित्रे व शिल्पे लागली. सुमारे 850 कलावंतांनी ती केली आणि त्यांच्यात जवळजवळ सहावा हिस्सा स्त्रिया होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने मोठी मानली पाहिजे.

आता ती भिंत कशी असते ते सांगतो, कारण तू स्वतः भिंत पाहणारा माणूस आहेस. लहान गावांच्या कचेऱ्यांचे नकाशे वॉशिंग्टनहून येत आणि ते एकमेकांशी फार मिळतेजुळते असत. आत शिरले की दालनाच्या एका टोकाला पोस्टमास्तरच्या खोलीचे दार आणि त्या दाराच्या वर छतापर्यंतची मोकळी जागा, साधारण बारा फूट रुंद आणि पाच फूट उंच. दाराची चौकट खालून वर घुसते, त्यामुळे रचनेच्या मध्यभागी नेमके काय करायचे हा प्रत्येक चित्रकारापुढचा पेच असे. बहुतेकांनी आपल्या घरी किंवा चित्रशाळेत कॅनव्हासवर तैलरंगात काम केले आणि शेवटी तो कॅनव्हास शिशाच्या सफेद्याने भिंतीवर चिकटवला. मानधन बहुधा सातशे-आठशे डॉलरांच्या आसपास असे आणि ते तीन हप्त्यांत मिळे: रंगीत रेखाटन मंजूर झाल्यावर पहिला, पूर्ण आकाराचा आराखडा मंजूर झाल्यावर दुसरा, आणि चित्र भिंतीवर लागल्यावर शेवटचा. रंग, कॅनव्हास, प्रवास आणि चित्र लावण्याचा खर्च याच रकमेतून करायचा असे. म्हणजे घासाघीस करायला चित्रकाराच्या हाती फारसे काही नव्हते.

आणि तरीही हा व्यवहार मला तुच्छ वाटत नाही. गावात संघराज्य सरकारची म्हणावी अशी ती एकच इमारत असे. मनिऑर्डर करायला, बचतीचे पैसे ठेवायला, बियाण्यांचे पार्सल सोडवायला सगळे गाव तिथे येई. ज्यांनी उभ्या आयुष्यात चित्रांच्या संग्रहालयाची पायरी चढली नव्हती अशा माणसांना रांगेत उभे असताना एक मोठे, मूळ, हाताने काढलेले चित्र रोज दिसू लागले. चित्रकाराने गावाला भेट द्यावी, तिथल्या लोकांशी बोलावे आणि विषय गावाच्या जगण्यातून किंवा इतिहासातून घ्यावा, असा विभागाचा आग्रह होता. गहू काढताना माणसाची पाठ कशी वाकते हे ज्यांना ठाऊक होते तेच आता परीक्षक झाले आणि चित्रकाराला त्यांच्या डोळ्यांना पटेल असे काढावे लागले. कॅन्सस राज्यातल्या सेनेका गावासाठी जो जोन्सने 1940 मध्ये गव्हाचे आणि माणसांचे चित्र केले. हा जोन्स सेंट लुइसचा, पोटासाठी घरे रंगवणारा आणि मताने कम्युनिस्ट होता. शेतातल्या श्रमाकडे त्याने इतक्या आदराने पाहिले आहे की शेतकऱ्याला त्यात स्वतःचा अपमान कुठेच दिसू नये.

पण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न आला की कथा अवघड होते. 1939 मध्ये विभागाने त्या वेळच्या अठ्ठेचाळीसही राज्यांतून प्रत्येकी एक टपाल कचेरी निवडून एक मोठी स्पर्धा घेतली. 972 चित्रकारांनी तिच्यात भाग घेतला आणि सुमारे दीड हजार रेखाटने आली. आयडाहो राज्यातल्या केलॉग या खाणीच्या गावासाठी फ्लेचर मार्टिनचे रेखाटन निवडले गेले. खाणीत अपघात झाला आहे आणि दोन जण जखमी साथीदाराला स्ट्रेचरवरून बाहेर आणत आहेत, असा त्याचा विषय होता. बंकर हिल ही तिथली मोठी खाण. 1899 मध्ये मजुरांच्या लढ्यात तिचा खडकातून खनिज वेगळे करण्याचा कारखाना सुरुंगांनी उडवला गेला होता, म्हणजे या गावात मालक आणि मजूर यांच्यातले वैर जुने होते. रेखाटन जाहीर होताच खाणीचे व्यवस्थापक आणि गावातले वजनदार लोक विरोधात उभे राहिले, कारण अपघाताचे चित्र गावाच्या धंद्याला बट्टा लावते असे त्यांचे म्हणणे होते. खाणकामगारांच्या संघटनेने मात्र चित्राची बाजू घेतली, कारण त्यांच्या दृष्टीने ते रोजच्या जगण्याचे चित्र होते. वॉशिंग्टनने व्यवस्थापकांचे ऐकले. मार्टिनने नवा विषय घेतला आणि 1941 मध्ये त्या भिंतीवर नोआ केलॉग हा खाणशोधक आणि त्याचे गाढव यांना खनिजाचा साठा कसा सापडला ती दंतकथा लागली. चित्र वाईट नाही; रंग प्रसन्न आहेत आणि गाढव फार जिवंत आहे. परंतु जी माणसे रोज त्या खाणीत उतरत होती, त्यांनी मागितलेले चित्र त्यांना मिळाले नाही. या एका निर्णयात मला विभागाची सगळी दुर्बलता दिसते. लोकमताला मान द्यायचा, हे तत्त्व त्याने पाळले, पण ज्याचा आवाज आधीच मोठा त्याचे मत लोकमत म्हणून मोजले.

ॲरिझोनातल्या सॅफर्डमध्ये सेमूर फोगेलने अपाची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या नर्तकांचे रेखाटन केले होते, तर गोऱ्या वसाहतकारांच्या वंशजांना ते आपल्या कचेरीत नको होते. शेवटी तिथे खोऱ्याच्या इतिहासाची चित्रमालिका आली. मेन राज्यातल्या केनेबंकपोर्ट या सागरकिनाऱ्यावरच्या गावात एलिझाबेथ ट्रेसीने समुद्रस्नानाला आलेल्या लोकांचे चित्र 1941 मध्ये लावले. बूथ टार्किंग्टन या नावाजलेल्या कादंबरीकारासारखे प्रतिष्ठित रहिवासी त्यावर नाराज झाले आणि 1945 मध्ये ते उतरवून त्या जागी गलबतांचे चित्र आले. साउथ कॅरोलायनातल्या एकेन गावच्या न्यायालयात स्टेफान हिर्शने न्यायदेवता काढली. तिचा वर्ण काहींना सावळा वाटला, म्हणून न्यायाधीशाने चित्रावर पडदाच टाकला. दक्षिणेकडच्या कितीतरी चित्रांत कृष्णवर्णीय माणसे कापूस वेचताना दिसतात, आणि ती पाहून त्यांना काय वाटते हे त्यांना कोणी विचारलेले नाही. कृष्णवर्णीय चित्रकारांना कामेही बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली. त्यांच्यापैकी आर्चिबाल्ड मोटली हा शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या रात्रीचे अप्रतिम रंगकाम करणारा माणूस. इलिनॉयमधल्या वुड रिव्हरसाठी 1937 मध्ये त्याने टपाल नेणारी घोडागाडी काढली; त्याच्या शिकागोचा तिच्यात मागमूस नाही.

आता ओक्लाहोमातल्या दोन गावांविषयी जरा थांबून लिहितो, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सर्वांत जवळ सापडते. अनाडार्को या गावाच्या कचेरीत सोळा चित्रे आहेत. ती 1937 च्या सुमारास स्टीफन मोपोप या कायोवा नावाच्या मूळ रहिवासी जमातीतल्या चित्रकाराने केली आणि जेम्स ऑकिया व स्पेन्सर असा या दोन कायोवा चित्रकारांनी त्याला साहाय्य केले. सपाट, स्वच्छ रंग, मागे देखावा जवळजवळ नाही, आणि नृत्याच्या पवित्र्यातल्या आकृतींच्या कडा इतक्या निश्चित की नजर कुठेही घसरत नाही. ही माणसे कोणासाठी नटलेली नाहीत. पोशाख, पिसे, ढोल हे सारे ज्यांनी वापरले त्यांच्याच हातून उतरलेले आहे. पैसा सरकारचा, भिंत सरकारची आणि मंजुरीही सरकारची असूनही त्या चित्रांवर कायोवांची मालकी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

याच राज्यातल्या वाटोंगा गावी 1941 मध्ये ईडिथ माहिएर हिने शायान या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीचा सरदार रोमन नोज याचे चित्र लावले. ही बाई विद्यापीठात कला शिकवणारी आणि मोपोप व त्याचे सोबती तरुण असताना तिनेच त्यांना मार्गदर्शन केले होते, म्हणजे तिचे मन कलुषित होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही शायानांचा सरदार रेड बर्ड विरोध करायला टपाल कचेरीपाशी आला. चित्रातला रोमन नोज शायान दिसत नाही, नावाहो दिसतो आणि त्याचे मूल तर डुकराच्या पिलासारखे दिसते, असे त्याने ठणकावून सांगितले. वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. केलॉगच्या व्यवस्थापकांनी तक्रार केली तेव्हा चित्र बदलले. रेड बर्डने केली तेव्हा ते तसेच राहिले. रेड बर्डचे म्हणणे चित्रकलेच्या दृष्टीनेही मला रास्त वाटते. ज्या माणसाचा चेहरा चित्रात वापरला जातो, त्याला तो चेहरा चुकला असे सांगण्याचा हक्क असतो आणि प्रेमाने काढले म्हणून तो हक्क कमी होत नाही.

युद्ध सुरू झाले, पैसा आणि माणसे तिकडे गेली, 1943 मध्ये ब्रूसचा मृत्यू झाला आणि विभागही बंद पडला. पुढच्या काळात काही चित्रांवर भिंतीचा रंग फासला गेला, काही खोट्या छताआड गेली, काही तंबाखूच्या धुराने काळवंडली. नंतर मात्र पुष्कळांची काळजीपूर्वक डागडुजी झाली. आजची अडचण निराळी आहे. टपाल खाते जुन्या इमारती विकते आणि चित्राची मालकी आपल्याकडे ठेवते, परंतु इमारत खासगी झाली की पार्सल घेऊन रांगेत उभी राहणारी माणसे तिथे येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहराच्या व्हेनिस भागातली कचेरी 2012 मध्ये एका चित्रपट-निर्मात्याकडे गेली. तिथले एडवर्ड बीबरमनने 1941 मध्ये केलेले चित्र सुरक्षित राहिले, एवढ्यावर समाधान मानावे असे काही म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण ते चित्र त्या रांगेसाठीच काढलेले होते.

तुझ्या समितीपुढे अजून निविदाही निघालेली नाही, म्हणून वेळेवर सुचवतो. रंगीत रेखाटन आले की ते मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात ठेवू नका; आठवडी बाजाराच्या दिवशी भिंतीपाशीच टांगा आणि हमाल, भाजीवाल्या, कचरा उचलणाऱ्या बाया यांच्यापैकी जे चित्रात येणार असतील त्यांना आधी बोलवा. त्यांची हरकत सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घे, आणि व्यापारी मंडळाची हरकत आली तर तीही त्याच कागदावर, त्याच अक्षरात येऊ दे. चित्रकाराचे पैसे हप्त्यांनी द्यायचे असतील तर पहिला हप्ता पुरेसा मोठा ठेवायला सांग, म्हणजे मतभेद झाला तर त्याला नाही म्हणता येईल. समितीत कोण कोण आहे आणि त्यांच्यापैकी किती जण त्या बाजारात रोज पायी जातात, हे मला पुढच्या पत्रात अवश्य कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र