रंग बदलून खेळवा, तक्रार मिटेल

महोदय,

कालच्या अंकातील बुद्धिबळ इंजिनांवरचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामांवरचा, लेख वाचला. ठरवून दिलेल्या स्थितीतून इंजिनांना खेळवणे म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणे, हे लेखकाचे म्हणणे मला अजिबात पटले नाही. २०१९ साली टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या १४व्या हंगामातील अंतिम लढत स्टॉकफिश या इंजिनाने लीला या इंजिनाविरुद्ध ५०.५–४९.५ अशी जिंकली. सुरुवाती, म्हणजे डावाच्या पहिल्या काही चाली, ठरवून दिलेल्या असूनही १०० पैकी ८१ डाव बरोबरीत सुटले! मोकळे सोडले असते तर बघायला काय उरले असते? माझ्या मते त्या सुरुवाती आणखी तिखट हव्या होत्या.

लेखकाने २०१७च्या अल्फाझीरो या इंजिनाच्या शोधनिबंधाचा दाखला दिला आहे. स्टॉकफिशविरुद्ध १०० डाव, २८ विजय, ७२ बरोबरी, हार एकही नाही. हे मोहऱ्यांच्या मूळ मांडणीवरून. त्याच शोधनिबंधात बारा प्रचलित सुरुवातींमधून प्रत्येकी १०० डाव खेळवले आहेत आणि तिथे हेच अल्फाझीरो २४ डाव हरले आहे. तो तक्ता लेखकाने का वगळला? इंजिन कुठे कच्चे आहे, ते तिथेच तर दिसते.

अन्याय होतो तो रंग बदलून दुसरा डाव न दिल्याने. हे मी स्वतः भोगले आहे. आमच्याकडच्या एका स्पर्धेत सुरुवाती चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. माझ्या वाट्याला लॅटव्हियन गॅम्बिट, तेही काळ्या मोहऱ्यांनी! दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवलेले, राजाची बाजू उघडी, आणि घड्याळ सुरू होणार त्यानंतर. समोरच्याचा वजीर शह देत आत शिरला, तो डाव संपवूनच थांबला. आता हीच स्थिती मला पांढऱ्याने खेळू द्या म्हटले, तर संयोजक म्हणाले, ‘काका, वेळ नाही,’ आणि पुढच्या फेरीच्या जोड्या लावायला बसले.

टीसीईसीच्या अंतिम लढतीत प्रत्येक सुरुवात दोन्ही इंजिनांना दोन्ही रंगांनी खेळावी लागते. दोघेही पांढऱ्याने जिंकले तर हिशेब १–१. एकाने काळ्याने डाव वाचवला की फरक पडतो. यात पक्षपात कुठे आला?

आणखी एक. लेखासोबतचा पट आडवा छापला आहे. खेळाडूच्या उजव्या हाताला कोपऱ्यातले घर पांढरे असते, आपल्या चित्रात ते काळे आहे. शिकणारी मुले अशी चित्रे कापून वहीत चिकटवतात. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सांगली