हुकूमशहा गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या देशातील जुलमी राजवट बाहेरच्या सैन्याने उलथून टाकणे न्याय्य ठरू शकते का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा इराकपाशी सुरू होते आणि इराकपाशीच संपते. अमेरिकेचा डोळा तेलावर होता असे एक बाजू म्हणते, सद्दाम गेला हे बरेच झाले असे दुसरी म्हणते, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. महासत्तांना बाजूला ठेवून याचा विचार करायचा असेल तर १९७९ सालाकडे पाहावे लागेल. त्या वर्षी टांझानिया आणि व्हिएतनाम या दोन गरीब देशांनी आपापल्या शेजारची एकेक क्रूर राजवट सैन्य घुसवून संपवली. अशी कारवाई क्वचित प्रसंगी न्याय्य असते, असे माझे मत आहे. मात्र हुकूमशहा किती वाईट आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. माणसे मारणे त्या घडीला चालू आहे का, आणि तो गेल्यावर सत्ता हाती घेण्याचा अधिकार तिथल्या लोकांनी कोणाला दिलेला आहे का, या दोन गोष्टींवर ते ठरते.

इदी अमीनने जानेवारी १९७१ मध्ये, अध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना, युगांडाची सत्ता बळकावली. आपल्याकडे तो लक्षात आहे तो १९७२ च्या हकालपट्टीमुळे. ९० दिवसांची मुदत देऊन त्याने आशियाई वंशाच्या ५० हजारांहून अधिक लोकांना देशाबाहेर काढले. त्यांत गुजराती व्यापारी होते, तशी सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारी गोव्याची कुटुंबेही होती. पण अमीनच्या जुलमाचा सर्वांत मोठा घाव बसला तो युगांडाच्याच माणसांवर. देशाचे सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना सप्टेंबर १९७२ मध्ये उच्च न्यायालयाच्या इमारतीतून ओढून नेण्यात आले आणि ते परत आलेच नाहीत. फेब्रुवारी १९७७ मध्ये आर्चबिशप जनानी लुवुम यांना अटक झाली; मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाल्याचे सरकारने लगोलग जाहीर केले, पण त्यांच्या देहावर गोळ्यांच्या जखमा होत्या. आठ वर्षांत मारल्या गेलेल्यांचे अंदाज १ लाखापासून ५ लाखांपर्यंत जातात. जिथे सरन्यायाधीशालाच न्यायालयातून उचलून नेता येते, तिथल्या शेतकऱ्याला किंवा शाळामास्तराला 'तुमचा प्रश्न तुम्हीच सोडवा' असे बाहेरून सांगणे मला माणुसकीला धरून वाटत नाही.

ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस अमीनचे सैन्य टांझानियात कागेरा नदीच्या उत्तरेकडील पट्ट्यात घुसले. त्याने गावे लुटली, गुरे हाकून नेली, माणसे मारली, क्याका येथील नदीवरचा पूल उडवला आणि हा मुलूख युगांडाला जोडल्याची घोषणा अमीनने केली. हे आक्रमण परतवून लावण्याचा टांझानियाला पूर्ण हक्क होता. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. पट्टा मोकळा झाल्यावर सीमेवर थांबायचे, की पुढे जायचे? अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी पुढे जायचे ठरवले. त्यांची मांडणी अशी होती की ही दोन युद्धे आहेत: एक टांझानियाचे आक्रमकाशी, दुसरे युगांडाच्या लोकांचे त्यांच्या जुलमी राज्यकर्त्याशी. प्रत्यक्षात दुसऱ्या युद्धाचाही बराचसा भार टांझानियाच्याच सैन्याने वाहिला. लिबियाच्या गद्दाफीने अमीनच्या मदतीला फौज पाठवली, तीही उपयोगी पडली नाही. ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला पडले आणि अमीन पळाला.

त्यानंतर जुलैमध्ये मन्रोव्हियाला आफ्रिकी ऐक्य संघटनेची शिखर परिषद भरली, तेव्हा संघटनेच्या सदस्यांपैकी सुदान आणि नायजेरियाच्या राष्ट्रप्रमुखांनी टांझानियावर उघड टीका केली. सदस्य देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही हे संघटनेच्या सनदेतच लिहिलेले होते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. वसाहतवाल्यांनी आखून दिलेल्या सीमा निमूटपणे स्वीकारून जो खंड कसाबसा सावरत होता, तिथे प्रत्येक शेजाऱ्याने दुसऱ्याच्या राज्यकर्त्याची लायकी ठरवायला घेतली असती तर युद्धांना अंत राहिला नसता. तरीही याच संघटनेने १९७५ ची शिखर परिषद कंपालात भरवून अमीनला वर्षभरासाठी आपले अध्यक्षपद दिले होते, आणि न्येरेरे तिकडे फिरकले नव्हते, हे विसरता येत नाही. सार्वभौमत्वाचे तत्त्व दुबळ्या लोकांना बलवानांपासून वाचवण्यासाठी आहे. त्याच लोकांना मारणाऱ्याची ढाल म्हणून ते वापरले जात असेल तर त्याचा आदर राखण्याचे कारण उरत नाही. म्हणून न्येरेरे यांचा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पण त्यांच्या बाजूचा हिशेब इथे संपत नाही. अमीननंतर सत्ता कोणाकडे जावी हे ठरवण्यासाठी मार्च १९७९ मध्ये टांझानियातील मोशी येथे युगांडाच्या परागंदा गटांना घाईघाईने एकत्र बसवण्यात आले. तिथून अध्यक्ष झालेले युसुफ लुले ६८ दिवस टिकले. त्यांच्या जागी आलेल्या गॉडफ्री बिनाइसा यांना पुढच्याच वर्षी लष्करी आयोगाने दूर केले. डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीतून ओबोटे पुन्हा अध्यक्ष झाले, आणि न्येरेरे यांचा कल पहिल्यापासून त्यांच्याकडे होता. लगेच यादवी पेटली. लुवेरोच्या टापूत ओबोटे यांच्या सैन्याने केलेली कत्तल अमीनच्या काळाची आठवण करून देणारी होती. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या बंडखोरांनी कंपाला घेतले, तेव्हा कुठे ही परवड थांबली, तीही देशाच्या दक्षिणेपुरती. न्येरेरे यांच्यासारखा सचोटीचा नेता आणि इतके सबळ कारण असूनही असे झाले, कारण लोकांनी निवडलेले असे तिथे कोणी नव्हते.

कंबोडियाची गोष्ट आणखी अवघड आहे. ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत चार वर्षांच्या आत १५ ते २० लाख माणसे उपासमारीने, अतिश्रमाने आणि हत्यांनी मेली. नॉम पेन्हमधील एका शाळेच्या वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या केल्या होत्या, आणि आत आणलेल्या कैद्यांची छायाचित्रे काढून नीट नोंदी ठेवल्या जात होत्या. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य शहरात शिरले आणि हा प्रकार थांबला. व्हिएतनामचा हेतू निर्मळ नव्हता. त्याला सीमेवरच्या हल्ल्यांचा बंदोबस्त आणि आपल्या कलाने चालणारे सरकार हवे होते, आणि त्याचे सैन्य १९८९ पर्यंत तिथेच राहिले. तरी त्या कोठड्यांत जिवंत सापडलेल्या मोजक्या माणसांना हेतूच्या निर्मळतेची चौकशी करायची नव्हती. हेतू मिसळलेले असणारच, हे मी मान्य करून चालतो. पुढे अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा परागंदा ख्मेर रूजकडेच ठेवली गेली, ही मात्र त्या संस्थेच्या इतिहासातील अत्यंत लाजिरवाणी गोष्ट आहे.

याच कसोट्या इराकला लावून पाहाव्यात. मार्च १९८८ मध्ये हलब्जात विषारी वायूने सुमारे ५ हजार कुर्द मारले गेले, तेव्हा अमेरिका सद्दामच्या बाजूने होती. २००३ मध्ये तशी कत्तल चालू नव्हती, संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस काम करत होते, आणि ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध केले ती सापडली नाहीत. त्याहून वाईट पुढेच घडले. बगदाद पडल्यानंतर दीड महिन्याच्या आत अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले: एकाने सद्दामच्या बाथ पक्षातील वरच्या श्रेणींच्या सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले, ज्यात हजारो शाळाशिक्षकही गेले, आणि दुसऱ्याने अख्खे सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे हत्यारांसकट बेकार झाली. लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्यास नकार दिला, हे दोन्ही योग्य होते. लिबियाबाबत २०११ साली सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या रक्षणासाठी परवानगी दिली आणि तिचा वापर गद्दाफीला संपवण्यासाठी झाला. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता.

१९७१ चा दाखला इथे देतो, तो फुशारकीसाठी नाही. त्या वेळीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील १०४ देशांनी भारताने थांबावे असे मत दिले होते. पण पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, जवळपास १ कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, आणि डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत तिथल्या १६९ पैकी १६७ जागा जिंकलेला पक्ष समोर होता. त्यामुळे सत्ता कोणाकडे सोपवायची हे दिल्लीला ठरवावे लागले नाही आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य परत येऊ शकले. त्याच वेळी पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याला हटवण्यासाठी भारत पश्चिमेकडे पुढे गेला नाही. १७ डिसेंबरला त्या आघाडीवर युद्धविराम झाला आणि तीन दिवसांनी याह्याखानला त्याच्याच अधिकाऱ्यांच्या दबावाखाली पायउतार व्हावे लागले.

संयुक्त राष्ट्रांत अशा लष्करी कारवाईचा ठराव पुन्हा येईल तेव्हा भारताने मत देण्यापूर्वी तीन गोष्टी ठरावातच लेखी मागाव्यात, अशी माझी सूचना आहे: कारवाईचे उद्दिष्ट आणि मर्यादा, सत्ता स्वीकारणाऱ्यांचा लोकाधार, आणि सैन्य परत जाण्याची तारीख. यांपैकी एक जरी गोष्ट देता येत नसेल तर आपल्या प्रतिनिधीने तटस्थ न राहता विरोधात मत द्यावे, आणि त्यामागची कारणे संसदेपुढे ठेवावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा