मोहरीतले सोने नव्हे, राखेतले निकेल

संपादक महोदय,

‘झाडातून सोने’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात. मोहरी आपणहून सोने घेत नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते तिच्यात उतरले, कारण अमोनियम थायोसायनेट घालून मातीतले सोने आधी विरघळवले होते. हे रसायन उघड्या शेतात ओतले, तर ते झिरपून विहिरीत जाणार.

पिकवता येते ते निकेल. अल्बानियात पोग्राडेचजवळ सर्पेंटाइनच्या, म्हणजे निकेल भरपूर असलेल्या हिरवट खडकाच्या, जमिनीत ॲलिसम म्युराल (आताचे नाव ओडोन्टॅरीना) ही मातीतले निकेल शोषून घेणारी वनस्पती घेतात. हेही मोहरीच्याच कुळातले. वाळल्यावर किलोमागे 10 ग्रॅम निकेल. खत घालून, तण काढून हेक्टरी 10 टन वाळका पाला आला, तर 100 किलो धातू होतो. टनाला 15,000 डॉलर भाव धरला, तरी हे 1,500 डॉलरच. खत, कापणी, रसायने त्यातूनच. कापणी फुलोऱ्यातच करावी लागते, कारण निकेल मुख्यतः पानांत असते आणि पुढे पाने गळतात.

10 टन पाला जाळला की 600-700 किलो राख उरते. तिच्यात निकेल 15 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खनिजापेक्षा कितीतरी जास्त. भट्टी 550 अंशांच्या आसपास ठेवतात. फार तापली तर निकेल मॅग्नेशियमच्या ऑक्साइडमध्ये अडकते आणि आम्लात सहज उतरत नाही. राख आधी पाण्याने धुतात, पोटॅशियम निघून जाते. मग गरम सल्फ्युरिक आम्ल, नंतर चुन्याने लोह खाली बसवायचे. खरी गोची पुढे आहे. अमोनियम सल्फेट घालून द्रावण बर्फाइतके गार केले, की निळसर हिरवे निकेल-अमोनियम सल्फेटचे स्फटिक पडतात. पण मॅग्नेशियमचे क्षारही त्याच घडणीचे, ते सोबतच येतात. म्हणून त्याआधी सोडियम फ्लोराइडने मॅग्नेशियम काढतात. आता सांडपाण्यातल्या फ्लोराइडचे काय, हे बातमीत कधी नसते.

आपल्या काळ्या मातीत हे जमणार नाही, तिथे निकेल फारच कमी. तपासायचेच तर कणकवलीजवळचे जानवली-वागदे आणि भंडाऱ्यातले क्रोमाइटचे (क्रोमियमच्या खनिजाचे) पट्टे तपासावेत, कारण ते अशाच खडकात असते. मात्र बी बाहेरून आणू नये: अमेरिकेत ऑरेगनमध्ये हेच ॲलिसम शेताबाहेर पसरले आणि तिथल्या सरकारला ते उपद्रवी तण ठरवावे लागले. त्याऐवजी स्थानिक झाडे पाहावीत. डायमिथाइलग्लायॉक्झिम या निकेल ओळखणाऱ्या रसायनाच्या द्रावणात भिजवून वाळवलेल्या कागदावर ओले पान चुरडून दाबायचे. भरपूर निकेल असेल, तर गुलाबी-लाल डाग लगेच उमटतो.

— एक वाचक